खडूचं रिंगण

रविवारी भरदुपारी आमच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाचा स्लॅब कोसळला. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. सोमवारी सकाळीच केंद्रप्रमुखांचा फोन आला, "बाई, सध्या वर्ग मारुतीच्या देवळात भरवा." जिंतूरहून एसटीनं आले, उतरले ती थेट देवळातच गेले.

सभामंडप लहान, पोरं एकवीस. तरी सगळी भिंतीला चिकटून, एकमेकांच्या मांडीवर चढल्यासारखी बसलेली, अन् मधली जागा मोकळी. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"दिसत न्हाई का रे? मधी एवढी जागा हाय, सरका की!"

कुणी हललं नाही. शेवटी राजेश्री हळूच म्हणाली, "बाई, मधी बसायचं न्हाई. तुमीच सांगितलंय ना."

मी वर बघितलं. मंडपाचं छत नवं कोरं, एक तडा नाही. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी वर्गात मधोमध प्लास्टर पडलं, तेव्हा मी दुरुस्तीचा एक अर्ज दिला अन् खाली खडूनं रिंगण आखलं. त्यात पाय ठेवेल त्याला उठाबशा. पुसट झालं की पुन्हा आखायचे. लय हुशारी केल्यासारखं वाटायचं मला.

तेवढ्यात केंद्रप्रमुखांनी पडलेल्या वर्गाचा फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून बघितला.

फोटोत रिंगण तसंच होतं, स्वच्छ. स्लॅब पडला होता तो भिंतीकडेनं, जिथं मी पोरांना बसवत होते.