दहापैकी नऊ

बाईंनी बरणीच्या झाकणावर पंजा घातला, ओठ दाबून जोर लावला आणि झाकण चक्क फिरलं. बरणी तशीच घेऊन त्या पुढच्या खोलीत धावल्या आणि नवऱ्याच्या कामाच्या टेबलावर ती दाणकन आदळली. दुरुस्तीला उघडून ठेवलेल्या घड्याळाचा एक बारीक स्क्रू टुणकन उडून कुठेतरी गेला.

"अहो, उघडलं! माझं मी उघडलं!"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. एरवी स्क्रू हरवला म्हणजे त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मात्र त्यांना हसू आवरेना. संधिवाताने आखडून गेलेली बायकोची बोटं त्यांच्या नाकासमोर नाचत होती.

दवाखान्याने नवं औषध सुरू केलं, तेव्हाच बाईंच्या फोनमध्ये एक डायरी घालून दिली होती. रोज संध्याकाळी फोन वाजायचा. पडद्यावर 'सांध्यांचं दुखणं' एवढंच, आणि खाली शून्य ते दहा आकडे. बाईंचा जन्म शाळेत पेपर तपासण्यात गेलेला. चष्मा लावून, नवऱ्याकडे पाठ करून बसायच्या आणि आकडा दाबायच्या. घड्याळजी डोकावले की ओरडायच्या, "निकाल लागेपर्यंत दम धरा!"

आज मात्र त्यांनीच जाहीर केलं, "नऊ दिले! दहापैकी नऊ!"

"वा! मग काय, पहिला नंबर!" घड्याळजी म्हणाले आणि स्क्रू शोधायला टेबलाखाली शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. आजची गोळी घेऊ नका, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. औषध बंद झालं तर बोटं पुन्हा होती तशी.

डॉक्टर तरुण होती. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एक रेघ पायऱ्या चढावी तशी वर गेली होती.

"दुखणं सारखं वाढतंय. काल तर नऊ. हे औषध तुम्हाला मानवत नाहीये, बंद करू या."

बाई ताडकन उठल्या. "वाढतंय कसलं? अगं, काल मी बरणी उघडली!"

"मग नऊ कसे?"

"का? कमी वाटतात तुला?"

डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही दुखण्याला मार्क दिलेत?"

"मग काय द्यायचं? जास्त मार्क म्हणजे चांगलं. एवढंही कळत नाही का मला?"

डॉक्टर हसता हसता खुर्चीत मागे रेलली. तिने बाईंची बोटं दाबून पाहिली, मूठ वळायला लावली. शेवटी म्हणाली, "माझा हात दाबा बघू." बाईंनी दाबला.

"आई गं! चालू, औषध चालू!"

बाईंनी टाळीच वाजवली. घड्याळजींना तर खोलीभर उड्या माराव्याशा वाटल्या.

"थांबा, आकडे उलटे करून घेते," डॉक्टर म्हणाली. रेघ फिरली. आता ती उंचावरून खाली येत होती. घड्याळजी वाकून बघू लागले. सुरुवातीला एका ठिकाणी ती पार छताला टेकली होती.

"हा कुठला दिवस?"

डॉक्टरने तारीख वाचली. तो रविवार होता. घड्याळजींचे मित्र जेवायला आले होते. बाईंनी एकटीने स्वयंपाक केला होता, हसत वाढलं होतं. जेवणं झाल्यावर घड्याळजींनीच आतल्या खोलीकडे तोंड करून दोनदा चहा सांगितला होता.

बाहेर पडल्यावर बाई कठडा न धरता भराभरा पायऱ्या उतरल्या. घड्याळजी मागून येत होते.

"त्या रविवारी एवढं दुखत होतं? मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुठे कुणी?" बाई खुशीतच म्हणाल्या. "तो फोन विचारायचा. त्याला सांगायचे."

दवाखान्याच्या फाटकाशी एक बाक होता. बाई पुढे निघाल्या होत्या.

"अगं, थांब," घड्याळजी म्हणाले. "मी विचारतोय."

बाई वळल्या. "आजचं, की पहिल्यापासूनचं?"

"पहिल्यापासूनचं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हाताने बाकावरची धूळ झटकली.

"मग बसा."