न उठलेला माणूस

त्या गल्लीत नाही म्हणायची एक रीत होती. दारी आलेल्या माणसाशी हुज्जत घालायची नाही. त्याचं म्हणणं पटलं नाही की एकेकाने गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. यापेक्षा मोठा नकार गल्लीला ठाऊक नव्हता. ठरत आलेली लग्नं याच रीतीने मोडली होती, भाडं वाढवायला आलेला मालक याच रीतीने हात हलवत परत गेला होता. आणि जो बसून राहिला तो कबूल झाला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चावीवाल्याला तर चांगलंच कळत होतं. तरीही त्या संध्याकाळी तो बसून राहिला.

गल्ली पाडून तिथे उंच इमारत उभी राहायची होती. घरं सगळ्यांना मिळणार होती, तेव्हा त्याबद्दल कुरकुर नव्हती. पण इथे जो तो घराच्या पुढच्या खोलीतच धंदा करायचा. इस्त्रीवाली होती, गाद्या भरणारे दोघे भाऊ होते, काच कापणारा होता, आणि रस्त्याकडच्या अरुंद खोलीत चावी कापायचं मशीन मांडून बसणारा हा. नव्या नकाशात खालचा मजला सगळा मोठ्या दुकानांना गेला होता. मोडकं कुलूप घेऊन आठवा मजला चढणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. गल्लीला तळमजल्यावर कामाच्या खोल्या हव्या होत्या, एवढीच मागणी. ती गेली की सगळ्यांच्याच पोटावर पाय.

प्रतिनिधी म्हणून चावीवाल्याला पाठवलं, ते तो हुशार होता म्हणून नव्हे, मोकळा होता म्हणून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, जेवायला समोर वहिनीकडे. असा माणूस बैठकांना धाडायला कुणाचं काय जातं? पण तो इमानदारीने गेला, आणि जाता जाता तिथली रीत शिकला. तिथे तोंडातून निघालेलंच कागदावर चढतं. गप्प राहिलेला माणूस ‘हरकत नाही’च्या रकान्यात जाऊन पडतो. हे त्याने गल्लीत येऊन सांगितलं, तर सगळे हसले. “काका, तुम्ही आता साहेबच झालात की,” काच कापणारा म्हणाला. विषय संपला.

शेवटची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. नियोजन खात्याच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर नकाशा लावून सगळं समजावलं आणि विचारलं, “कुणाला काही म्हणायचंय?”

इस्त्रीवाली उठली. मग गाद्यावाले. खुर्च्या सरकत गेल्या, चपला वाजत गेल्या. वहिनी दाराशी थांबल्या, मागे वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘चला’ म्हणायची त्यांची ती नजर त्याला ओळखीची होती. तो हलला नाही.

हॉल रिकामा झाल्यावर तो उभा राहिला. “आमची हरकत आहे, मॅडम. खाली कामाच्या खोल्या हव्यात.”

“आमची म्हणजे?” मॅडमनी खुर्च्यांकडे पाहिलं. “माझ्यासमोर तुम्ही एकटेच आहात, काका.”

त्यांनी एक हरकत लिहिली. बाकी सगळी गल्ली ‘हरकत नाही’च्या रकान्यात गेली आणि खोल्यांची मागणी पडली.

बाई काही वाईट नव्हत्या. जिन्यात त्याला गाठून त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हीही गेला असतात ना, तर प्रतिनिधीच हजर नाही म्हणून बैठकच धरली गेली नसती.” त्याने मान डोलावली. बाहेर येऊन तो कितीतरी वेळ शाळेच्या फाटकाला धरून उभा होता.

गल्लीत भांडायला कोणी आलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गल्लीतल्या प्रत्येक घराची जादा चावी त्याच्याकडे असायची, भिंतीवरच्या फळीला टांगलेली. दुसऱ्या दिवशी थोरला गाद्यावाला आला. “काका, आमची चावी तेवढी द्या.” मग काचवाला आला, मग इस्त्रीवाली. तिने तर रुमालात गुंडाळून नेली, चोरून नेल्यासारखी. आठवड्याभरात फळीवर नुसते खिळे उरले.

वहिनींनी चावी मागितली नाही. त्या त्याला जेवायला वाढत राहिल्या, फक्त बोलेनाशा झाल्या. कसलं ते जेवण! शेवटी त्यानेच जाणं सोडलं आणि खोलीत स्टोव्ह पेटवून कच्चापक्का भात शिजवू लागला. बायको गेली तेव्हाही तो एकटाच होता, पण तेव्हा गल्लीची दारं उघडी होती. आता तो हातातल्या कुलपांशी बोलायचा. “निघ बाबा, किती अडून बसशील,” असं म्हणायचा, आणि आपलाच आवाज ऐकून दचकायचा.

शेवटी तो मॅडमकडे गेला. बैठक पुन्हा लावता येईल का?

“एक वाट आहे,” मॅडम म्हणाल्या. “प्रतिनिधीवर लोकांचा आधीपासूनच विश्वास नव्हता असं असेल, तर ती बैठक बाद होते. पण मग चौकशी लागते. ती संपेपर्यंत तुम्हाला कुठल्याही बैठकीत बसता येणार नाही, बोलताही येणार नाही.”

“चौकशी कधी संपते?”

मॅडम टेबलावरची धूळ पुसायला लागल्या.

“लिहा,” तो म्हणाला. “गल्लीचा माझ्यावर विश्वास नव्हता.”

“आधीपासून?”

“आधीपासून.” हे धडधडीत खोटं होतं. ते बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

त्याच्या जागी वहिनींना प्रतिनिधी धरून नवी तारीख लागली, तेव्हा तो त्यांच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “वहिनी, या वेळी कुणी उठू नका. बसा आणि तोंडाने सांगा. प्रत्येकाने आपापलं सांगायचं. दुसऱ्याच्या वतीने बोललेलं ते धरत नाहीत, मी बघितलंय.” वहिनींनी मान हलवली.

बैठकीच्या वेळी तो हॉलच्या खिडकीबाहेर उभा राहिला. आत मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग इस्त्रीवालीचा आवाज आला, थरथरता. “मला ‘नाही’ म्हणायचंय.” एवढं बोलल्यावर तिला हुरूप आला आणि तिने मॅडमना चांगलं फैलावर घेतलं. मग धाकटा गाद्यावाला बोलला, मग काचवाला. कोणी उठलं नाही. बाहेर चावीवाल्याला एकट्यालाच हसू येत होतं.

दार उघडलं तशी वहिनींनी धावत येऊन त्याला गाठलं. “भावजी, झालं! ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्या खोल्या मॅडमनी तिथल्या तिथे लिहून घेतल्या. इस्त्रीवालीची, गाद्यावाल्यांची, माझ्या शिलाई मशीनचीसुद्धा! यादी मंजूर होऊन बंद झाली. आता कुणाच्या बापाला बदलता यायची नाही.”

“छान झालं, वहिनी,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

लोक त्याच्याभोवती जमले. थोरल्या गाद्यावाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे एकदम बोलत होते. वहिनींनी मात्र अचानक त्याच्याकडे वळून पाहिलं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमचं कोण बोललं?”

गाद्यावाल्याने इस्त्रीवालीकडे पाहिलं, तिने काचवाल्याकडे. चावीवाल्याने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. हॉलमधले दिवे मॅडमनी एकेक करून बंद करायला घेतले होते.