खंडेनवमीचा फोटो

लाज वाटते सांगायला, पण सांगतो. आमचं नेट बंद पडलं त्या दिवशी मी अश्विनवर आळ घेतला, आणि तोही चारचौघांत नाही, दोनशे चौदा जणांत.

मी देवराम. पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या सहा गावांना वायरलेस इंटरनेट पुरवतो. पाण्याच्या टाकीवर आमचा टॉवर आणि गिऱ्हाइकाच्या छपरावर ताटाएवढी डिश. सगळ्या डिशना पासवर्ड एकच, माझाच हुकूम तो. तापल्या पत्र्यावर उभ्या माणसानं कोणत्या घराचा कोणता पासवर्ड हे आठवत बसायचं का? म्हणून टॉवरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करनं लिहूनच ठेवलेला. शिवाय लग्नाकार्याला गेलो तरी मोबाइलवरून कुठल्याही डिशमध्ये शिरता यावं, म्हणून बाहेरचा रस्ताही मी उघडाच ठेवला होता.

अश्विन माझ्याकडे नऊ वर्षं कामाला होता. दीड वर्ष तो माझ्या मागे लागला होता. "भाऊ, प्रत्येक डिशला वेगळा पासवर्ड टाकू. बाहेरचा रस्ता बंद करू. कोणी आत शिरलं ना, एका फटक्यात सगळं जाईल."

"तू लय शहाणा झाला का रे?" असं मी म्हणायचो. गणपतीच्या सुमारास गिऱ्हाइकाच्या दारातच म्हणालो, तेव्हा त्यानं पान्हे काढून माझ्यासमोर ठेवले. पुढच्या आठवड्यात तो एका कोल्ड स्टोरेजला लागला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी एकेक करत सगळ्या डिश कोऱ्या झाल्या. सेटिंग पुसलेलं, आणि डिशच्या नावाच्या जागी इंग्रजीतली शिवी. कांद्याचे व्यापारी, शाळा, पतसंस्था, सगळ्यांचे फोन सुरू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मी लिहिलं: "अश्विनने सूड म्हणून नेट बंद पाडले आहे. पासवर्ड त्याला माहीत होता. पोलिसांत देणार."

पुरावा कोणीही मागितला नाही. अंगठे येत गेले. एकानं लिहिलं, "ह्यांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." ह्यांना! मी ते वाचलं. त्याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. तरी एक अक्षर बोललो नाही.

दुपारी नाशिकहून स्नेहा आली. ज्या कंपनीकडून आम्ही नेट घेतो, तिथली ती इंजिनिअर. दोन तास तिनं टॉवरच्या नोंदी तपासल्या. "काका, हे परदेशातून आलंय. तीन दिवस कोणीतरी आतबाहेर करत होतं. आणि पासवर्ड पहिल्याच वेळी बरोबर टाकलाय. कुठे लिहिला होता?"

"कुठेच नाही हो! पेटीच्या आत फक्त. तिला कुलूप असतं."

तिनं आमचं फेसबुक पान उघडलं, खाली गेली आणि मोबाइल माझ्याकडे फिरवला. खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतो, तशी मी टॉवरची पेटी पुजली होती. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेटी सताड उघडी आणि बाजूला हात जोडून मी. झाकणावरचं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. पासवर्ड, आणि खाली डिशांचे नेटवरचे पत्तेसुद्धा. फोटो मीच टाकलेला, 'आपले आशीर्वाद असू द्या' म्हणून. अरे देवा! मला मान वर करवेना.

"आणखी कोणाला माहीत होता?" स्नेहानं विचारलं.

"अश्विनला," मी म्हणालो. "आणि अमोलला."

अमोल माझा सख्खा पुतण्या. जूनमध्ये माझ्यापासून फुटून त्यानं ओझरला स्वतःचं नेट सुरू केलं, माझी गिऱ्हाइकं फोडून. माझं नेट पडलं तर फायदा त्याचा. तरी त्या सकाळी त्याचं नाव माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नव्हतं. ते कळलं तेव्हा माझीच मला किळस आली.

स्नेहाबरोबर पाच दिवस आम्ही छपरं चढलो. बाहेरचा रस्ता बंद केला, प्रत्येक डिशला वेगळा पासवर्ड टाकला. यादीच्या दोन प्रती तिनं पाकिटात बंद करून दिल्या. "एक तिजोरीत ठेवा, एक विश्वासाच्या माणसाला द्या." फेसबुकवरचा फोटो मी त्याच दिवशी काढला होता. ग्रुपवरचा मेसेज मात्र तसाच होता. आधी काम उरकू, मग बघू, असं म्हणत मी पाच दिवस तोंड लपवलं.

सहाव्या दिवशी अश्विनच्या घरी गेलो. कामाच्या वेळेला तो घरीच.

"कामावर नाही गेलास?"

"तुमचा मेसेज तिकडेही पोचला, भाऊ. मॅनेजर म्हणाले, आमच्याकडेही कॉम्प्युटर आहेत, तू येऊ नको."

मी सगळं सांगितलं. फोटो, परदेश, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पासवर्ड अमोललाही माहीत होता. त्याचं नाव का नाही घेतलं?"

"तो घरातला..." बोलून गेलो आणि जीभ चावली.

त्याची आई, आक्काबाई, दारात उभी होती. "माझ्या पोरालाही घरातलाच म्हणायचे की तुम्ही, रविवारचं कामाला बोलवताना."

तिथेच बसून मी ग्रुपवर लिहिलं, त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक माझी. पासवर्ड मीच जगाला दाखवला. अश्विनचा काही संबंध नाही. त्याच्या समाजाबद्दल लिहिलेलं वाचून मी गप्प बसलो, हीसुद्धा माझीच चूक. त्याच्यासमोरच मॅनेजरलाही फोन लावला. "बघू," तो म्हणाला. ग्रुपवर या वेळी एकही अंगठा आला नाही.

मग मी खिशातलं पाकीट काढलं. "परत ये, अश्विन. नवे पासवर्ड आहेत. एक प्रत माझ्याकडे, दुसरी फक्त तुझ्याकडे."

त्यानं पाकीट घेतलं, उघडलं नाही, आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"नको, भाऊ. पुढच्या वेळी काही झालं, तर मला माहीतच नव्हतं, एवढं तरी म्हणता येऊ द्या मला."