वारं पाठीवर

आमचे मालक येडबा मेंढरं पाजायचे ती वारं पाठीवर घेऊनच. येलदरी धरणाच्या पाण्याला अर्धा कोस वळसा पडला तरी चालंल, पण वारं पाठीवरच पाहिजे. कारण इचारलं की म्हणायचे, “माझ्या बापानं सांगितलं म्हणून.” पुढं त्यांचे गुडघे गेले अन् कळप रामप्रसादच्या, आमच्या लेकाच्या हाती आला.

मीच त्याला म्हणलं, “कशाला नाहक उन्हात तंगडतोड करायलास? म्हाताऱ्याचं खूळ हाय ते. जवळच्या काठाला पाज.”

त्या काठाला पाण्यावर हिरवीगार साय धरली होती. रामप्रसादनं जिंतूरहून कापसावर फवारायला समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली आणली होती. समुद्राकडं शेवाळ जनावरांनाबी घालतात, असं दुकानदार म्हणला होता. “आई, आपल्याकडं तर फुकटच हाय की!” लेक हरखला. मीबी हरखले. जळली माझी अक्कल!

दुपारी मेंढरं पाजली. घरी येऊस्तोवर पहिली मेंढी आडवी झाली, पाय झाडायला लागली. दिवस बुडूस्तोवर अकरा गेल्या. त्यातल्या सात गाभण होत्या.

सकाळी जनावरांच्या डॉक्टर उत्तरा मॅडम आल्या. काठावर जाऊन त्यांनी ते पाणी बाटलीत धरलं.

“केवळामावशी, समुद्रातलं शेवाळ वेगळं. ते खडकाला धरून वाढतं, त्याचं खत होतं, खुराक होतो. हे जंतूच म्हणा. तापलेल्या, थांबलेल्या पाण्यात माजतं, अन् कधी कधी त्यात विष असतं. वारं त्याला ढकलत समोरच्या काठाला नेऊन साचवतं. वारं पाठीवर असलं, की आपल्या बाजूचं पाणी बरंचसं नितळ राहतं.”

मी रामप्रसादला घेऊन घरची वाट धरली.

घरी मालक बाजेवर उठून बसले होते. मॅडम काय म्हणल्या ते रामप्रसादनं खाली मान घालून सांगितलं.

“काल वारं कुठून होतं रे?” मालकानं इचारलं.

लेक माझं नाव घेईना. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“तोंडावर होतं,” मी म्हणलं. “त्याला बोल लावू नका. मीच सांगितलं तिथं पाजायला. तुमचं खूळ हाय म्हणले मी.”

वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात, लय वाटलं.

“मलाच कारण ठाव न्हवतं गं,” मालक म्हणले. “ठाव असतं तर सांगितलं असतं की तुला.” अन् म्हातारा ढसाढसा रडला.