गव्हर्नरसाहेबांनी मुळा खाल्ला

माझा धाकटा भाऊ जंगगिल देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झाला, तेव्हा तोंगयंगच्या बंदरावर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कापडी फलक लागला: 'प्यो घराण्याच्या सुपुत्राचे अभिनंदन'. फलक मासेवाल्यांनी लावला आणि त्यांना फुकट जेवायला मी घातलं. बंदरामागच्या गल्लीत माझी कालवांच्या रश्शाची खानावळ होती, एकतीस वर्षांची. त्याआधी मी दुसऱ्यांची कालवं फोडून जंगगिलच्या कॉलेजची फी भरली. हे मी त्याला वर्षातून दोनदाच ऐकवते.

पदवी घेऊन तो त्या बँकेत चिकटला तो पस्तीस वर्षं तिथेच. मुळात कमी बोलणारा, बँकेने पार मुका केला. व्याजदर ठरवायची बैठक असली की आधीचा आठवडाभर त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम. मग लोक त्याच्या टायचा रंग बघतात आणि त्यावरून पैसे लावतात. मी तर सख्खी बहीण.

त्या वर्षी पितरांना जेवू घालायचा चुसोकचा सण शनिवारी आला आणि बैठक पुढच्या गुरुवारी. मधल्या सोमवारी मला कर्जाच्या कागदावर सही करायची होती. घरमालकाने खानावळीची जागा विकायला काढली होती. घ्या, नाहीतर उठा. कर्ज दोन तऱ्हांचं. स्थिर व्याजाचा हप्ता मोठा, पण कायमचा तोच. बदलत्या व्याजाचा हप्ता मला आज झेपणारा, पण दर चढले की माझी होडी बुडाली. कुठलं घेऊ, हे सांगू शकेल असा माणूस माझ्याच ओसरीवर बूट काढत होता.

पितरांना जेवण वाढून झालं, जंगगिलने एकुलता मुलगा म्हणून दारू अर्पण केली, आम्ही सगळे वाकलो. मग पंगत बसली. मी त्याच्यासमोर दोनच भाज्या सरकवल्या.

"तोंडाने नको सांगूस. स्थिर घ्यायचं तर पालक खा. बदलतं घ्यायचं तर मुळा."

"ताई, मला जेवू दे गं."

"तेच म्हणतेय. जेव!"

धाकट्या काकांना चेव आला. त्यांचे शेअर्समध्ये पैसे. "बघा बघा, चॉपस्टिक पालकाकडे निघाली! अरे, माशाकडे वळली! साहेब, त्या माशाचा अर्थ काय लावायचा, तेवढं सांगून टाका."

जंगगिलने चॉपस्टिक खाली ठेवल्या. भातात गार पाणी ओतलं आणि नुसता भात खाऊ लागला. देशाचा गव्हर्नर, सणाचा दिवस, समोर अठरा पदार्थ, आणि हा पेजेवरच्या आजाऱ्यासारखा जेवतोय. मला हसूही आलं आणि रागही.

आमची आई एक्याण्णव वर्षांची. तिला व्याज कळत नाही, पण लेक नुसता भात खातोय हे कळतं. ती उठली, आपल्या वाडग्यातल्या सारातली एक फोड चमच्यात घेतली आणि "आ कर" म्हणाली. त्याने आ केला. आईपुढे सगळेच करतात.

"मुळा!" काका ओरडले.

जंगगिलचा गाल फुगलेला. ना गिळता येई, ना थुंकता. थुंकला असता तर तेही सांगणंच झालं असतं, आणि 'हे काही खरं नाही' म्हणाला असता तर तेही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गिळला.

आईच्या हातचा घास होता, हे मला दिसत होतं, आंधळी नव्हते. पण मी म्हटलं, माझा भाऊ आहे, मी बुडणार असले तर एवढा घास तो गिळणार नाही. सोमवारी बदलत्या व्याजावर सही केली.

गुरुवारी दर चढला. हिवाळ्यात पुन्हा चढला, वसंत यायच्या आत तिसऱ्यांदा. मेमध्ये खानावळ गेली. कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसाने किल्ल्या घेताना गव्हर्नरची बहीण म्हणून मला ओळखलं आणि बिचारा लाजला.

सामान हलवायच्या दिवशी जंगगिल आला, एकटा, ड्रायव्हरशिवाय. बैठकीत कोण काय म्हणालं ते नंतर छापून येतं. मी वाचलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सणाच्या दिवशी नव्हतं गं, ताई. खरंच नव्हतं. गुरुवारी तीन विरुद्ध तीन झाले. सातवा मी."

"आणि माझी सही?"

"सोमवारी आईने फोन केला होता. खुशीत होती, आपल्या ओकबुनने मुळ्याचं ऐकून सही केली म्हणाली."

"म्हणजे माहीत असून तू हात वर केलास."

"थोडा वेळ वर होईना," तो म्हणाला. "मग केला."

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. आमच्या बंदरावर माझ्या शिव्यांचं नाव आहे. पण त्याच सकाळी बाजारात कोबी गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त मिळाला होता आणि शेजारची बाई म्हणाली होती, व्याज चढवलं ते बरं झालं बाई, महागाईने जीव नकोसा केला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याची चूक सापडली असती तर दोन थोबाडीत देता आल्या असत्या, रडता आलं असतं. शोधशोधून मला एकही सापडेना, आणि त्याला ते दिसत होतं.

"ताई, काहीतरी बोल ना," तो म्हणाला.

"त्या बाजूने टेबल उचल," मी म्हटलं. "टेम्पोवाला कधीचा थांबलाय."