बोरूनाची मुकी मशीनगन

ऑसी हॅम्बिजची एकच अट होती: झाकण उघडायचं नाही.

मेरिन पास्कोने ती मुकाट्याने मान्य केली. जुन्या जर्मन मशीनगनांची पारख करणाऱ्या कोणीही केलीच असती. पहिल्या महायुद्धानंतर ही गन बोरूनाच्या सैनिक हॉलच्या व्हरांड्यात आली, तेव्हा गावाने तिला करडा रंग फासला होता. वरच्या झाकणाच्या फटीवरून तो रंग अजून अखंड होता. ती रंगाची शिवण शाबूत आहे म्हणजे आतलं काही कोणी बदललेलं नाही. संग्राहकांच्या लेखी ही लाखेची मोहोर, आणि ती फोडणाऱ्याला त्या जगात पुन्हा कोणी चहा विचारत नाही.

म्हणून सकाळपासून ती बाहेरूनच तपासत होती. नोव्हेंबरचं ऊन व्हरांड्यात शिरलं होतं आणि माश्या भिंगावरच येऊन बसत होत्या. नळी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाड नळकांड्यावर, मागच्या मुठींच्या चौकटीवर, खालच्या बैठकीवर, सगळीकडे एकच क्रमांक होता. ठसा ठोकला की धातू कडेला किंचित वर येतो. जुन्या ठशाची ती कड हळूहळू झिजून गोल होते, नव्याने ठोकलेल्या खोट्या ठशाची बोटाला टोचते. इथली टोचत नव्हती. सोबतचा पाण्याचा डबा मात्र दुसऱ्याच गनचा होता. नळीचं तोंडही रंगाने बुजलेलं होतं, त्यामुळे पुढून आत बघता येत नव्हतं. काडतुसांचा पट्टा जिथून आत जातो त्या खाचेत एक ठोकळा बसवलेला होता. गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून कोणीतरी लाकूड ठोकलं, असं गावात म्हणत. त्याच्यावरच्या रंगाखाली तिला तिरप्या रेघा दिसल्या होत्या. कुंचल्याच्या असतील असं तिला वाटलं.

"गन अस्सल आहे, ऑसी," ती म्हणाली.

"ते आंधळ्यालाही कळतं. माझा आजोबा अस्सल होता का, ते सांग."

ऑसी ऐंशी ओलांडलेला, पण ताठ होता. त्याचा आजोबा, अल्बर्ट हॅम्बिज, फ्रान्समध्ये एकट्याने या चालू गनवर तुटून पडला आणि ती घेऊन आला, असं हॅम्बिज घराणं सांगे. हॉल समितीचा अध्यक्ष क्लॅरी नोआक हसून म्हणे की अशी प्रत्येक गावाला सरकारने एकेक वाटली होती, भंगाराच्या ढिगातून उचलून. आज दुपारच्या सभेत नवी पितळी पाटी ठरायची होती. तिच्यावर अल्बर्टचं नाव राहील की जाईल, एवढाच प्रश्न होता, आणि ऑसीला त्यापलीकडे दुसरं काही दिसत नव्हतं.

"क्रमांकावरून ते कळत नाही," मेरिन म्हणाली. "कुठून आली आणि कशी आली, ते धातू सांगत नाही."

"मग आत चल. क्लॅरीची नजर नको."

अंगणात लोक जमायला लागले होते. दरवर्षी या युद्धसमाप्तीच्या दिवशी अकरा वाजता सारं गाव गनच्या तोंडासमोर मान खाली घालून उभं राहायचं. हॅम्बिजांपैकी सर्वांत थोरल्याने मागे उभं राहून चाप दाबायचा आणि गनने काही बोलायचं नाही. युद्ध संपलं, याची ती खूण. म्हणून तिचं नाव मुकी.

हॉलच्या स्वयंपाकघरात लॅमिंग्टन केकची ताटं मांडून ठेवली होती. चहाचं पिंप फुसफुसत होतं. ऑसीने दार लोटलं आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"हे क्लॅरीच्या तोंडावर मारायला जपून ठेवलंय."

आत एक काडतूस होतं. हिरवंकाळं झालेलं, पण आख्खं. मेरिनने ते खिडकीशी नेऊन उलटं केलं. बुडाशी पितळेची गोल टिकली होती आणि तिच्या बरोबर मध्यभागी एक खड्डा होता.

"कुठे मिळालं?"

"तिच्याच पोटातून. पंधरवडाभर फटींतून तेल सोडत होतो. म्हटलं, यंदा चापाचा निदान कट् असा आवाज तरी यावा. तर परवा बाजूचा दांडाच सुटला. लोण्यासारखा, पोरी! पुढे ढकलला, सोडला, तर खाडकन माघारी. आणि खालच्या नळीतून हे टपकलं."

"दांडा किती वेळा फिरवलात?"

"एकदाच. जुनं हाड आहे, उगाच कशाला छळायचं."

मेरिनने काडतूस ओट्यावर ठेवलं. ते तिने इतकं हळू ठेवलं की ऑसीचं हसू मावळलं.

"ही गन दोन काडतुसं धरून असते," ती म्हणाली. "एक नळीत आणि एक पाठीमागे तयार. दांडा एकदा फिरवला की नळीतलं बाहेर पडतं आणि तयार असलेलं नळीत जाऊन बसतं. रिकामी करायची तर पट्टा काढून दोनदा फिरवावा लागतो."

"काहीतरीच. शंभर वर्षं आम्ही चाप दाबतोय!"

"तेव्हा काडतुसाला ठोकणारी पिन आधीच पडलेली होती. हा खड्डा बघा. कोणीतरी चाप दाबला, पिन पडली, आणि काडतूस फुसकं निघालं. दांडा फिरवेपर्यंत अशी गन मेल्यातच जमा. तो तुम्ही फिरवलात. आणि खाचेतला तो ठोकळा लाकूड नाही. त्या रेघा विणीच्या आहेत. तो कापडी पट्टा आहे, ऑसी, बाहेरचा भाग कापून टाकलेला. आतल्या तुकड्यात आणखी एखादं काडतूस असणारच."

ऑसीने बोटाने तो खड्डा चाचपला. मग त्याने विचारलं, "चाप दाबला, तो कोणावर?"

मेरिनने काडतूस पुन्हा रुमालात गुंडाळलं.

"भंगारात टाकायची गन आधी रिकामी करतात ना?"

"करतात. ही कोणी केली नाही. लढता लढता अडकली आणि तशीच ओढून आणली."

"म्हणजे खरं बोलत होता म्हातारा." ऑसीचे डोळे भरून आले. "देवा रे, अगदी खरं बोलत होता."

तिने फोन काढला तशी त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. "पोलिस आले की काय करतील?"

"घेऊन जातील. बहुतेक कापतील."

"मग दुपारपर्यंत थांब. सभा होऊ दे. मी चाप दाबत नाही, झालं? तब्येत बिघडली म्हणतो. मी मागे असल्याशिवाय तिला कोण हात लावतंय?"

आणि मेरिन थांबली. फार नाही, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघण्याइतकीच. तेवढ्यात बाहेर माईक खरखरला आणि क्लॅरीचा आवाज आला. "अकरा वाजले, मंडळी. हॅम्बिजांचे वारस चहात बुडालेले दिसतात. चला, यंदा नोआकांचा अंगठा!"

अंगणात हशा पिकला आणि लगेच विरला. बिगूल वाजला. मग सगळं गप्प झालं.

मेरिन दाराबाहेर पडली तेव्हा सगळ्या माना खाली होत्या. क्लॅरी गनच्या मागे वाकला होता. ती ओरडली. त्या शांततेत ओरडणं इतकं विचित्र वाटलं की लोकांनी आधी तिच्याकडेच रागाने पाहिलं. क्लॅरीने मान वळवली, पण अंगठा होता तिथेच होता.

पुढचं तिच्या हातांनी केलं. तिने बाजूचा दांडा पकडून अंगाच्या भाराने पुढे रेटला. तो मागे असेल तर पिन पडते, पुढे धरला तर पडत नाही. त्याच क्षणी क्लॅरीने चाप दाबला.

काहीच झालं नाही.

"वेड लागलंय का तुला?" क्लॅरी खेकसला.

"अंगठा काढा."

"काढलाय की!"

मेरिनने पाहिलं. अंगठा नव्हता, पण चाप आतच राहिला होता. जुना गंज आणि नवं तेल यांचा चिखल होऊन तो दाबलेलाच अडकला होता. आता दांडा सुटला की पट्ट्यातलं पुढचं काडतूस नळीत बसून गन आपोआप उडणार होती.

"भरलेली आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना पुढून हटवा. लवकर."

क्लॅरीचा चेहरा उतरला. हे मात्र त्याने नीट केलं. आरडाओरडा न करता माईकवरून सगळ्यांना टेनिस कोर्टामागे पाठवलं. खुर्च्या पडल्या, एक टोपी मागे राहिली. मग दांडा बांधायला तो कमरेचा पट्टा सोडू लागला, पण बक्कल लवकर सुटेना. आतली स्प्रिंग दांडा मागे खेचत होती. मेरिनचे तळवे तेलाने निसरडे झाले होते.

अंगण रिकामं झालं, आणि मग ऑसी पायऱ्या उतरून सरळ गनच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला.

"ऑसी! बाजूला व्हा!"

"इथेच उभा असेल ना आजोबा?" ऑसी नळीकडे बघत म्हणाला. "की आणखी जवळ?"

"माझे हात घसरतायत!"

"अरे, हट ना म्हाताऱ्या!" क्लॅरी ओरडला. "पाया पडतो तुझ्या!"

"कोणी आणली ही गन, क्लॅरी?"

"तुझ्या आजोबाने! मान्य! हट आता!"

"माईकवर सांग."

क्लॅरीने पट्टा टाकला आणि माईककडे धावला. टेनिस कोर्टामागे उभ्या असलेल्या गावाला त्याचा धापा टाकणारा आवाज ऐकू आला. "ही गन... ही गन अल्बर्ट हॅम्बिजने घेतली. लढाईत. एकट्याने. झालं?"

ऑसीने मान डोलावली. घाई न करता तो उजवीकडे सरकला. दोन पावलं, मग तिसरं.

दांडा मेरिनच्या हातातून निसटला.

आवाज एकच झाला. फाटकाचा खांब मधोमध चिरला आणि त्याचा वरचा भाग हळूच रस्त्याकडे कलला. खांब आणि गन यांच्या बरोबर मध्ये गवतावर ऑसीच्या बुटांचे ठसे होते. मेरिन व्हरांड्यात खाली बसली. तळव्याची सोललेली कातडी तिला दिसत होती, पण दुखत मात्र नव्हती. कोर्टामागे कोणीतरी रडायला लागलं.

ऑसीने कानावरचा हात काढला.

"पुन्हा सांग, क्लॅरी," तो म्हणाला. "शेवटचं नीट ऐकू आलं नाही."

माईक अजून चालूच होता.