कड दिसतेय

श्रुतीला मेकअपची भारी हौस, असं मी बारा वर्षं जगाला सांगत आले. बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं, पोरगी दूध आणायलासुद्धा रंगरंगोटी करून का जाते, तर मी फणकाऱ्याने म्हणायची, तिची आवड आहे, तुमचं काय जातं? धडधडीत खोटं. आवड आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

चौदाव्या वर्षी तिच्या ओठाशेजारी पांढरा डाग उठला. औषधं झाली, डाग रुपयाएवढा होऊन थांबला. डॉक्टर म्हणाले, याने काही होत नाही, लपवायची गरज नाही. त्यांना काय जातंय म्हणायला. त्याच संध्याकाळी मी सुलतान बाजारात जाऊन फाउंडेशनची ट्यूब आणली. तेव्हापासून रोज सकाळी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे करायची आणि म्हणायची, "कड दिसतेय. नीट लाव." कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. माझा नवरा उदय सिकंदराबादला रेल्वेत. तो तर त्या वेळी पेपरातून डोकंच वर काढायचा नाही.

चिन्मयचं स्थळ आलं तेव्हा श्रुती म्हणाली, त्याला सांगू या. मी तिला गप्प केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, लग्न झालं की सांग म्हटलं. चिन्मयच्या आई, शैलाताई, मूळच्या पुण्याच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, काय नितळ कांती आहे हो. मी हसले. श्रुतीने मान खाली घातली.

हॉल ठरवला, आहेर ठरवला, पार्लरवाली ज्योती ठरवली, आणि हळद विसरले. नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या सवाष्णी येणार, नवरीच्या गालांना चोळून लावणार. परवा ज्योतीने सहज विचारलं, हळदीला तोंडाचं काय करायचं, तेव्हा आठवली. पाण्याने न जाणारा रंग आहे, पण चोळल्यावर कुठलाच टिकत नाही, असं तिने सांगितलं. मी शैलाताईंना फोन केला. श्रुतीला हळदीने पुरळ उठतं, नुसती पायांना लावा म्हटलं. त्या हसल्या. हळदीने कधी पुरळ उठतं का, म्हणाल्या, गालांनाच तर लावायची असते.

आज सकाळी श्रुती बाथरूममध्ये गेली ती कडी लावून बसली. अर्धा तास झाला, तास झाला. घर पाहुण्यांनी भरलेलं. खाली गाड्या थांबल्या, शैलाताईंचा आवाज जिन्यापर्यंत आला. मी दाराला कपाळ टेकवलं.

"बाळा, उघड. मी हरले. तुला हवी तशी ये. धुऊन ये, लावून ये, मी काही बोलणार नाही."

आतून आवाज आला. "मला काय हवंय ते मलाच नाही माहीत, मम्मी. तू कभी पूछीच नई."

मला रडू फुटलं, आणि रडायलाही वेळ नव्हता.

कडी निघाली. ती पिवळ्या साडीत बाहेर आली, चेहरा स्वच्छ धुतलेला. बारा वर्षांत तो चेहरा मी पुरता पाहिलाच नव्हता. मी डागच तेवढा पाहायची. सुंदर होती माझी पोरगी. देवाशपथ, मला तेच तिला सांगायचं होतं.

तेवढ्यात शैलाताई हातात वाटी घेऊन दारात आल्या, आणि माझा हात घरच्या हळदीच्या परातीत गेला. उष्टी लागल्याशिवाय घरची लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मूठभर हळद उचलली आणि तिच्या ओठाशेजारी थापली. पुढच्या मिनिटाला त्या तीच जागा चोळणार, हे कळत होतं. तरी हात थांबेना.

"अहो, आधी आमची ना?" शैलाताई म्हणाल्या.

श्रुतीने माझा हात ढकलला नाही. रडलीही नाही. रोजच्यासारखी हनुवटी उजेडाकडे केली आणि मला ऐकू येईल एवढंच म्हणाली,

"कड दिसतेय, मम्मी. नीट लाव."